डब म्हणजे उष्टं नव्हे

जुन्या फ्रेंच बालमालिकांच्या दुर्मीळ इंग्रजी डबवरून हौशी संग्राहक आणि चित्रपटांचे अभ्यासक यांच्यात अधूनमधून जी जुंपते, ती ऐकून मला दोन्ही बाजूंची कीव येते. कुणाच्या तरी माळ्यावरच्या खोक्यातून एखादी व्हीएचएस कॅसेट निघते, तिच्यात चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा इंग्रजी आवाज सापडतो आणि लगेच दोन फळ्या पडतात. एक म्हणते, मूळ फ्रेंच मालिका शाबूत आहे, मग परक्या तोंडातून आलेल्या या उष्ट्या आवाजाचं कौतुक कशाला? दुसरी म्हणते, आमचं बालपण या आवाजात गेलं, तो आम्हाला परत हवा, विषय संपला. पहिलीला डब म्हणजे मूळ कृतीवर साचलेली धूळ वाटते, दुसरीला आपल्या आठवणींचा ऐवज. त्याला स्वतंत्र कृती मानायला मात्र दोघीही तयार नाहीत. आणि माझं म्हणणं एवढंच आहे की तो स्वतंत्र कृती असतो. त्याला लेखक असतो, नट असतो, काळ असतो, गाव असतं. म्हणून तो जपण्याचं काम सार्वजनिक संग्रहालयांचं आहे, हौशी मंडळींच्या माळ्यांचं नाही. मग तो डब उत्तम असो नाहीतर भिकार.

हवेत बोलण्यापेक्षा एक ठळक उदाहरण घेऊ. ५ ऑक्टोबर १९६४ रोजी फ्रान्सच्या सरकारी दूरचित्रवाणीवर, म्हणजे ओआरटीएफवर, ‘ल मानेज आँशाँते’ ही पाच-पाच मिनिटांच्या भागांची मालिका सुरू झाली. जादूचं मेरी-गो-राउंड, त्याच्याभोवतीची बाग आणि त्या बागेतली विचित्र मंडळी, एवढाच पसारा. निर्माता सर्ज दानो. बाहुल्या आणि त्यांच्या हालचालींत मोठा हात आयव्हर वुड यांचा, जे पुढे ब्रिटनमध्ये ‘पोस्टमन पॅट’मुळे घरोघरी पोहोचले. (काटेकोर बोलायचं तर हे कार्टून नव्हे. बाहुल्या तसूतसूने सरकवत एकेक चौकट टिपलेली ही स्टॉप मोशन आहे. पण लहान मुलं असले भेद करत नाहीत, आपणही नको करू या.) बीबीसीने ही मालिका आधी नाकारली, तिचा डब करणं फार अवघड आहे, असं तिथल्या लोकांचं मत पडलं. मग चित्रं घेतली आणि शब्द सोडून दिले. ‘प्ले स्कूल’ या बालकार्यक्रमामुळे माहीत असलेले नट एरिक थॉम्प्सन यांच्याकडे हे काम आलं. त्यांनी फ्रेंच संहितेला हातच लावला नाही. चित्रं पाहिली, ही मंडळी काय बोलत असतील याचा स्वतः विचार केला, प्रत्येक भागाला नवी गोष्ट लिहिली आणि निवेदनासकट सगळी पात्रं आपल्या एकट्याच्या आवाजात बोलली. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘द मॅजिक राउंडअबाउट’ बीबीसीवर सुरू झाली. संध्याकाळच्या बातम्यांच्या अगदी आधीची वेळ होती, त्यामुळे मुलांच्या मागे बसून कामावरून आलेली वडीलमाणसंही बघू लागली. पुढच्या वर्षी ती वेळ अलीकडे आणली तेव्हा तक्रार मुलांनी नव्हे, मोठ्यांनी केली. ऐन भरात सुमारे ८० लाख लोक ती पाहत.

फ्रेंच मालिकेतला पोल्युक्स नावाचा झिपरा कुत्रा इंग्रजी धाटणीत मोडकंतोडकं फ्रेंच बोलतो. गंमत उघड आहे: शेजारच्या देशातला माणूस आपली भाषा बोलायला लागला की कसा ऐकू येतो, यावर फ्रेंच मुलं हसत. आता हाच कुत्रा इंग्लंडच्या प्रेक्षकांपुढे आणल्यावर या विनोदाचं करायचं काय? थॉम्प्सननी तो सरळ टाकून दिला. त्यांच्या हातात पोल्युक्सचा डूगल झाला: कुरकुरा, स्वतःला शहाणा समजणारा, साखरेच्या वड्यांसाठी जीव टाकणारा, जगाकडून सदा काहीतरी येणं बाकी आहे अशा आविर्भावात वावरणारा. फ्लापी नावाचा ससा डिलन झाला, गिटार घेऊन झोपाळल्या डोळ्यांनी बसणारा, साठीच्या दशकातल्या लंडनच्या कुठल्याही कोपऱ्यावर शोभेलसा. गाय आझाले, तिची अर्मिंट्रूड झाली. स्प्रिंगवर उसळत येणारा झेबुलों फ्रेंचमध्ये ‘तूर्निकोती, तूर्निकोतों’ असा मंत्र म्हणतो. इंग्रजीतला झेबेडी ‘टाइम फॉर बेड’ म्हणून मुलांना झोपायला धाडतो. एकाच केसांखाली दोन वेगळे स्वभाव, एकाच चित्रावर दोन वेगळ्या गोष्टी. डूगल या नावात जनरल द गॉल यांची टिंगल आहे अशी शंकाही फ्रान्समध्ये काहींना आली होती, म्हणजे डबचा परिणाम उलटा पॅरिसपर्यंत पोहोचला. या इंग्रजी आवाजाला ‘मूळ मालिकेची प्रत’ म्हणायचं तर प्रत या शब्दाला काही अर्थच उरत नाही.

‘मूळ’वाल्यांचा पाया आणखी एका ठिकाणी ठिसूळ आहे. जिवंत नटांच्या चित्रपटात डब म्हणजे एका माणसाचा आवाज काढून दुसऱ्याचा चढवणं. तिथे काहीतरी खरोखर हरवतं. नटाचा गळा हा त्याच्या अभिनयाचाच भाग असतो. पण बाहुलीला गळा नसतो. मेरी-गो-राउंडवरची ही मंडळी ओठ हलवूनही बोलत नाहीत, डूगलचं तर तोंड केसांत शोधावं लागतं. फ्रेंच आवाजही लाकूड, कापूस आणि लोकरीवर माणसांनी चढवलेलाच आहे. फक्त तो आधी चढला. कोलार्गोलचं प्रकरण याहून पुढचं. हे गाण्याची हौस असलेलं अस्वल. ओल्गा पूशीन यांच्या फ्रेंच गोष्टींतून जन्मलेलं, आल्बेर बारिए यांनी दूरचित्रवाणीसाठी उचललेलं, आणि प्रत्यक्ष चित्रित झालेलं पोलंडमधल्या वुच शहरातल्या से-मा-फोर स्टुडिओत, तादेउश विल्कोश यांच्या देखरेखीखाली. पोलिश मुलं त्याला आपलंच मानतात. बीबीसीवर ते ‘बार्नबी’ झालं. कॅनडात दुसऱ्याच इंग्रजी आवाजात, दुसऱ्याच नावाने, ‘जेरेमी’ म्हणून बोललं. यातला मूळ आवाज कुठला, हे एका दमात सांगून दाखवावं.

आता समोरच्यांचा सगळ्यांत भारी मुद्दा. ते म्हणतील, थॉम्प्सन हा अपवाद. दर शंभर डबांत असा एखादा निघतो; उरलेले मूळ कृतीचे लचके तोडतात. हे खरं आहे, आणि त्याचा पुरावा याच मालिकेच्या घरातून मिळतो. २००५ साली या पात्रांवर संगणकीय चित्रपट निघाला. ब्रिटिश आवृत्तीत रॉबी विल्यम्स, टॉम बेकर, जिम ब्रॉडबेंट, बिल नाय, जोआना लम्ली अशी आवाजांची फौज होती. अमेरिकेतल्या वितरकांना ते इंग्रजी पुरेसं इंग्रजी वाटलं नाही. २००६ मध्ये ‘डूगल’ या नावाने तो तिथे लागला तेव्हा बहुतेक आवाज बदलले होते, जूडी डेंच यांचं निवेदन वरून चिकटवलं होतं आणि संवादांत त्या-त्या काळचे फुटकळ विनोद कोंबले होते. इंग्रजीचा इंग्रजीत डब! तो जो सपाटून आपटला, त्याबद्दल कुणीच हळहळलं नाही. फ्रेंच पुस्तकांचा इतिहास पाहिला तर याहून जुनी जखम सापडते. ज्यूल व्हर्नची समुद्रतळावरची कादंबरी १८७०च्या दशकात लुईस मर्सिए यांनी इंग्रजीत आणली ती सुमारे पाव भाग गाळून. गाळलं काय? शास्त्राची चर्चा, राजकारण, इंग्रजांना बोचेल असं बरंच काही. त्यामुळे इंग्रजी जगात व्हर्न हा पोरांसाठी साहसकथा लिहिणारा इसम ठरला, आणि ती समजूत कितीतरी दशकं हलली नाही. भा. रा. भागवतांसारख्या माणसांनी व्हर्न मराठी मुलांपर्यंत आणला तोही इंग्रजीच्याच वाटेने.

मग काय, मर्सिएची भाषांतरं जाळायची? उलट बघा. १९६०च्या दशकात वॉल्टर जेम्स मिलर या अमेरिकन अभ्यासकाने मर्सिएच्या गाळणीचा हिशेब मांडला. तो कशामुळे मांडता आला? दोन्ही पुस्तकं ग्रंथालयात शेजारी-शेजारी उभी होती म्हणून. वाईट आवृत्ती फेकून दिली असती तर गुन्ह्याचाच पुरावा गेला असता आणि शंभर वर्षं इंग्रजी वाचकाने व्हर्नला का ओळखलं नाही, हे कोडंच राहिलं असतं. अमेरिकन ‘डूगल’ जपायचा तो याच कारणासाठी. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन वितरक आपल्या प्रेक्षकाला किती मठ्ठ समजत होते, याचा इतका बोलका दस्तऐवज दुसरा मिळणार नाही. संग्रहालय म्हणजे गुणगौरव समारंभ नव्हे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पी. के. नायर यांनी हयात घालवली ती याच हट्टापायी: चांगलं-वाईट ठरवणं हे आपलं काम नाही, जे मिळेल ते आधी आत घ्या. त्यांच्यावर टीका झाली, गल्लाभरू चित्रपटांच्या रिळांनी जागा का अडवता म्हणून. आज त्याच रिळांवर प्रबंध लिहिले जातात.

मराठी वाचकाला तर हे सांगावं लागू नये. मोलियेरने १६६० साली पॅरिसमध्ये एका संशयी नवऱ्याचं प्रहसन रंगवलं. सगळा घोटाळा एका छोट्या तसबिरीमुळे. ते घेऊन आर्थर मर्फी यांनी १७६१ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर स्वतःचं नाटक केलं. त्या इंग्रजी नाटकावरून गोविंद बल्लाळ देवलांनी १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ लिहिलं आणि १९१६ मध्ये त्याचंच ‘संगीत संशयकल्लोळ’ झालं. फ्रेंचमधून इंग्रजीत, इंग्रजीतून मराठीत, गद्यातून पदांत. पात्रांची नावं बघा: फाल्गुनराव, अश्विनशेठ, कृत्तिका, रेवती, भादव्या, सगळं पंचांग रंगमंचावर. यात मोलियेर किती उरला? तसबीर उरली आणि संशय उरला. म्हणून कुणी म्हणतं का, की मूळ फ्रेंच छापलेलं आहे, मग देवलांची संहिता जपायची गरज काय? असं कुणी म्हणालाच तर त्याला आपण नाट्यगृहाच्या पायरीवरही उभा करणार नाही. थॉम्प्सननी दानोच्या चित्रांचं जे केलं ते देवलांनी मर्फीच्या नाटकाचं केलं. मग एकाला रूपांतरकार म्हणून मान आणि दुसऱ्याला डबवाला म्हणून नाक मुरडणं, हा न्याय कुठला? फरक एवढाच की देवलांचं काम पुस्तकात छापलं गेलं आणि थॉम्प्सनचं चुंबकीय पट्टीवर.

दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि मला तो जास्त बोचतो. डबचं कौतुक करता करता मूळ निर्माता मागे पडतो. ब्रिटनमध्ये कित्येकांना ही मालिका फ्रेंच आहे हेच ठाऊक नव्हतं; डूगल म्हटलं की थॉम्प्सन आठवतात, दानो नाही. ज्याने बाहुल्या घडवल्या, बाग सजवली, एकेका सेकंदासाठी तास मोजले, त्याचं नाव पुसट व्हावं आणि वरून बोलणाऱ्याचं ठळक, हा अन्यायच आहे. पण तो अन्याय दूर कसा होणार? इंग्रजी आवाज दडवून नव्हे. दोन्ही आवाज एकाच चित्रावर, एकाच ठिकाणी ऐकायला मिळाले तरच ब्रिटिश माणसाला कळेल की हसवणारी बाग एकाची होती आणि हसवणारे शब्द दुसऱ्याचे. नोंदवहीत दोन नावं लिहिली की दोघांनाही आपापला वाटा मिळतो. एकच आवृत्ती ठेवली की कुणीतरी एक जण कायमचा झाकला जातो.

खरी अडचण निराळीच आहे आणि तिच्याबद्दल या वादात कुणी तोंड उघडत नाही. हे आवाज असतात कुठे? चित्रपटाची निगेटिव्ह निर्मात्याच्या देशात राहते. परदेशी वाहिनीला मिळतात प्रती, आणि शब्द वगळून फक्त संगीत व इतर आवाज असलेली वेगळी पट्टी. त्या पट्टीच्या जोडीला तिथल्या भाषेतलं बोलणं नोंदवायचं, दोन्ही मिसळायचं आणि प्रक्षेपण करायचं. त्या काळात हे काम बहुधा १६ मिलिमीटरच्या चुंबकीय फिल्मवर होई: फिल्मसारखीच दिसणारी, कडेला छिद्रं असलेली, पण चित्राऐवजी तपकिरी थर असलेली पट्टी. तिचा पाया ॲसिटेटचा असला तर कालांतराने तो आंबायला लागतो. डबा उघडला की व्हिनेगरचा भपका येतो, म्हणून या रोगाला नावच व्हिनेगर सिंड्रोम पडलं. पट्टी आक्रसते, वाकते, कडा लाटांसारख्या होतात, छिद्रं यंत्राच्या दातांत बसेनाशी होतात. चुंबकीय थरातलं लोह ही प्रक्रिया आणखी जोरात ढकलतं, त्यामुळे चित्राच्या फिल्मपेक्षा आवाजाची पट्टी लवकर मरते. आणि एका डब्यातला आम्लाचा वास शेजारच्या डब्यालाही लागतो. म्हणजे ज्या वस्तूला कुणी वाली नाही, तीच सर्वांत आधी कुजते. त्यात करार संपला की प्रती परत पाठवा किंवा नष्ट करा, असं कलम. त्या काळी बीबीसी स्वतःच्या निर्मितीच्या टेप पुसून पुन्हा वापरत होती. ‘डॉक्टर हू’सारख्या मालिकेचे कित्येक भाग त्यात कायमचे गेले. घरच्या लेकरांची ही गत, तर भाड्याने आणलेल्या पाहुण्याच्या आवाजाची काय कथा?

कायदाही इथे मख्ख आहे. फ्रान्सला ग्रंथ जमा करून घेण्याची परंपरा १५३७ पासूनची आहे. पहिल्या फ्रान्सिस राजाने मोंपेलिएच्या फर्मानाने ती घातली. १९९२ च्या कायद्याने तीत रेडिओ-दूरचित्रवाणीही आली आणि ते काम इना या संस्थेकडे गेलं. पण तो कायदा फ्रान्समध्ये प्रसारित झालेल्या गोष्टींसाठी. लंडनमध्ये नोंदवलेला इंग्रजी आवाज त्याच्या कक्षेत येत नाही. ब्रिटनमध्ये पुस्तकं जमा करणं सक्तीचं आहे, २०१३ पासून संकेतस्थळंही त्यात धरली, पण चित्रपट आणि ध्वनिमुद्रणं अजून बाहेरच आहेत. फ्रान्स म्हणणार, हे आमच्या भाषेत नाही. ब्रिटन म्हणणार, हे आमच्या देशातलं नाही. दोन घरांचा पाहुणा उपाशी ही म्हण इथे शब्दशः खरी ठरते.

आठवणवाल्यांना मी याच ठिकाणी धरतो. त्यांनी कॅसेटी जपल्या म्हणून काही आवाज उरले, हे ऋण मान्यच. काहींनी तर धुतलेल्या फ्रेंच चित्रावर कॅसेटमधला खरखरीत इंग्रजी आवाज सेकंदासेकंदाने जुळवून बसवला आहे; अमेरिकेची आणि युरोपची टीव्हीपद्धत वेगळी, त्यामुळे आवाज घसरत जातो, तो ताणून किंवा आखडून ओढून आणावा लागतो. हे कष्टाचं काम आहे. पण ‘आम्हाला आवडतं’ हा युक्तिवाद नव्हे. ज्या डबशी कुणाचं बालपण जोडलेलं नाही त्याचं काय करायचं? कॅनडातल्या ‘जेरेमी’वर जीव टाकणारी पिढी मूठभर असेल. उद्या तीही नसेल. आवड हाच निकष धरला तर आवडणारे संपले की वस्तूही संपवायची. शिवाय आठवण ही फार लहरी चाळणी आहे: तिच्यात शीर्षकगीत अडकून राहतं, पण संवाद कोणी लिहिले त्याचं नाव गळून पडतं. हक्कांचा प्रश्नही ते हसण्यावारी नेतात. चित्र दानोच्या वारसांचं किंवा त्यांच्याकडून घेणाऱ्यांचं आहे, ते न विचारता वाटत सुटणं हा चोरीचाच प्रकार. म्हणूनच मी जपणुकीबद्दल बोलतो आहे, वाटपाबद्दल नाही. जपलेली गोष्ट उद्या हक्क मोकळे झाल्यावर वाटता येते. कुजलेली गोष्ट कुठल्याच तारखेला मोकळी होत नाही.

आपल्याकडे कुणी म्हणेल, फ्रान्स आणि इंग्लंडच्या भांडणाशी आपलं देणंघेणं काय? आहे. १९९०च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली बघत वाढलेल्या मराठी मुलांना ती मालिका जपानी आहे हे कितपत माहीत होतं? शेर खानच्या गळ्यात नाना पाटेकर बसले होते. गुलजारांचे शब्द आणि विशाल भारद्वाज यांची चाल असलेलं शीर्षकगीत जपानमध्ये कुणी ऐकलेलं नव्हतं; ते इथेच जन्मलं. जपानी संग्रहात जपानी आवाज सुखरूप असेल, त्यांनी नाना पाटेकरांचा आवाज का सांभाळावा? किंवा रामायणावरचा तो जपानी-भारतीय ॲनिमेशनपट घ्या. त्याच्या जुन्या हिंदी आवृत्तीत अरुण गोविल राम होते आणि अमरीश पुरी रावण. २०२५ मध्ये तो नव्याने चित्रगृहांत आला तो नव्या हिंदी आवाजांसह. नवे आवाज चांगले की वाईट, हा मुद्दा नाही. अमरीश पुरी २००५ मध्ये गेले. तो रावण पुन्हा कुणी नोंदवू शकत नाही. प्रभातच्या काळात ‘कुंकू’ मराठीत आणि ‘दुनिया न माने’ हिंदीत निघाला, तेव्हा दोन्ही वेगवेगळे चित्रित झाले होते, ते डब नव्हते, हे मान्य. पण दोन भाषांतल्या दोन कृती म्हणून दोन्ही ठेवाव्यात याबद्दल कुणाच्या मनात किंतू नाही. पुण्यात २००३ च्या आगीत नायट्रेट फिल्म जळाल्या, त्याची हळहळ अजून करतो आपण. न जळता, गुपचूप आंबून जाणाऱ्या आवाजांसाठी मात्र कुणी हळहळत नाही. १९५४ च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी छापलेल्या फुटकळ कवितासंग्रहाचीसुद्धा एक प्रत मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाते. दूरदर्शनसाठी केलेल्या डबच्या संहितेला मात्र असं हक्काचं कपाट त्या कायद्याने दिलेलं नाही.

राहता राहिला पैसा. संग्रहालयांकडे तो नेहमीच तुटपुंजा असतो, आणि मूळ निगेटिव्ह कुजत असताना आधी डबवर खर्च करा असं मीही म्हणणार नाही. चित्र आधी, हे मान्य. पण चित्र धुऊन-पुसून नवं करणं आणि आवाज उतरवून ठेवणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याला चौकटीगणिक माणूस लागतो. दुसऱ्याला लागतं पट्टी चालवणारं जुनं यंत्र, ते हाताळता येणारा माणूस आणि भाग संपेपर्यंतचा धीर. तो माणूस आता दुर्मीळ होत चालला आहे, म्हणून घाई. परदेशी मालिका विकत घेताना करारात एक कलम घाला: ज्या देशात डब झाला तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात नुसत्या आवाजाची प्रत, संवादांची संहिता आणि बोलणाऱ्यांची नावं जमा करायची. चित्र मागायचंच नाही, म्हणजे निर्मात्याचा हक्क जिथल्या तिथे राहतो. खर्चाचा बाऊ करणाऱ्यांनी गणित करून पाहावं. पाच मिनिटांचा एक भाग, मोनो म्हणजे एकपदरी आवाज, संग्रहालयांना चालणाऱ्या प्रतीत, फाइल कुठेही न आवळता साठवला तर ४५ एमबीसुद्धा भरत नाहीत. ‘द मॅजिक राउंडअबाउट’चे बीबीसीवर लागलेले भाग ४४१. सगळ्यांचा एका भाषेतला आवाज २० जीबीच्या आत बसतो. कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात मिळणाऱ्या ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर तो मावून कोलार्गोलच्या दोन्ही इंग्रजी अवतारांपैकी जे काही हाती लागेल त्यालाही जागा उरते.